दुखतं किती ते नंतर, होत काय नाही ते आधी बघा

पत्र :

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही आर्वी तालुक्यातले. पाच एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर. माझा मुलगा वीस वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो, चढाईला तोच जातो. मागच्या वर्षी सामन्यात दोघांनी धरून पाडला, तेव्हा त्याचा उजवा खांदा उतरला. शेजारच्या गावच्या एका माणसानं तिथंच ओढून बसवला. चार दिवस हात गळ्यात ठेवला अन् पुन्हा मैदानात गेला. यंदा फवारणीचा पंप पाठीवर घेताना तोच खांदा दुसऱ्यांदा उतरला, त्याच माणसानं बसवला. आता झोपेत हात डोक्याखाली गेला तरी सटकल्यासारखा होते म्हणते. गावात सगळे म्हणतात, मुका मार आहे, माळीश करा. दवाखान्यात नेलं तर ऑपरेशनच सांगतील ही भीती आहे. पुढच्या महिन्यात सामने आहेत, पोलीस भरतीची तयारीही चालू आहे. काय करावं? माझ्याही उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, झटकला का बरं वाटते. पण तो कामाचा हात आहे, वेचा संपला का होईल बरा. तुम्ही पोराचं सांगा.
– एक आई

उत्तर :

ताई,

सगळा कागद पोराच्या खांद्यात गेला आणि तुमच्या स्वतःच्या हाताला शेवटी दोन-तीन ओळी मिळाल्या. तुम्ही विचारलं त्याचं उत्तर आधी देते, पण तुमचा हात मी सोडणार नाही. दोघांत घाई कोणाची जास्त हे अजून ठरायचं आहे, आणि ते तुम्हाला घरच्या घरी पाच मिनिटांत तपासता येईल.

गावात मार लागला की पहिला प्रश्न ‘लय दुखते का?’ हाच असतो. सोसवत नसेल तर दवाखाना, सोसवत असेल तर हळद आणि तेल. हाताच्या बाबतीत हा हिशेब फसतो. मुरगळलेलं बोट टम्म सुजतं, रात्रभर झोपू देत नाही, आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत कामाला लागतं. उलट इळ्यानं बोटाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, पूर्ण तुटली, तर वरची कातडी भरली की दुखणं जवळपास थांबतं. बोट मात्र वाकायचं ते वाकत नाहीच. नस (मज्जातंतू) तुटली तर त्या भागात टाचणी टोचलेलीही कळत नाही. म्हणून माझ्यासमोर हात आला की मी दुखण्याचं नंतर विचारते. आधी विचारते की कालपर्यंत या हातानं जे होत होतं, त्यातलं आज काय होत नाही? कुठं स्पर्श कळत नाही? दुसऱ्या हाताशेजारी ठेवून पाहिला तर आकारात काही फरक दिसतो का? या तिन्हींत कुठंही काही सापडलं, तर दुखणं कितीही कमी असो, थांबायचं नाही.

तुमच्या मुलाचं बघू. खांदा हा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा, आणि मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त वेळा उतरणाराही तोच. दंडाच्या हाडाचं गोल डोकं मोठं असतं आणि ते ज्या वाटीत बसतं ती अगदी उथळ. वाटीच्या काठाला कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक अशी, एक कड असते, तिच्यामुळे वाटीला थोडी खोली येते. चढाईत हात पसरलेला असताना तो मागे ओढला गेला की डोकं पुढच्या बाजूनं बाहेर येतं, आणि येताना बहुतेक वेळा ती कड फाडून येतं. ओढून बसवणाऱ्यानं डोकं आत घातलं, पण फाटलेली कड फाटलेलीच राहिली. वय जितकं कोवळं तितका पुन्हा उतरण्याचा धोका जास्त. विशीच्या आगेमागे पहिल्यांदा उतरलेले निम्म्याहून अधिक खांदे पुन्हा उतरतात. दर खेपेला कड आणखी जाते, वाटीच्या काठाचं हाडही घासत जातं, आणि मग उतरायला निमित्त लहान लहान पुरतं. तुमच्या घरी आधी दोन गड्यांची पकड लागली, मग पंप पुरला, आता झोपेतली कूस पुरते. पत्रातला हा क्रम वाचून माझी खात्री पटली की हे माळिशीचं काम राहिलेलं नाही. तेलानं कड जागेवर येत नाही.

पुढच्या महिन्याचे सामने त्यानं खेळू नयेत. त्याला हे कडू वाटेल, संघालाही वाटेल. पण तिसऱ्यांदा खांदा उतरून वाटीच्या हाडाचा तुकडा गेला, तर आज जे लहान ऑपरेशनमध्ये भागण्यासारखं आहे ते मोठ्यावर जाईल.

त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. आधी एक्स-रे निघेल, मग कड किती फाटली हे बघायला एमआरआय, आणि हाड झिजल्याची शंका आली तर सीटी स्कॅन. ऑपरेशनच सांगतील, ही तुमची भीती मला समजते, म्हणून ते काय असतं तेही सांगते. नुसती कड फाटलेली असेल तर दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांतून, ती परत वाटीला बांधतात. हाड जास्त गेलं असेल तर खांद्यातलाच जवळचा हाडाचा तुकडा वाटीच्या काठावर बसवतात. दोन्हींनंतर काही आठवडे हात झोळीत, मग व्यायाम, जड कामाला तीन-चार महिने, आणि कबड्डीसारख्या धरपकडीच्या खेळाला साधारण सहा महिने. पहिल्याच खेपेला योग्य उपचार झाले असते तर दोन-तीन आठवडे झोळी आणि मग तीनेक महिने नेटानं व्यायाम, यावर कदाचित भागलंही असतं. आता दोनदा उतरून झोपेतही सटकतो आहे, तर डॉक्टर ऑपरेशन सुचवण्याचीच शक्यता जास्त, आणि ते तसं म्हणाले तर त्यात लूट आहे असं समजू नका. कबड्डी सोडायची तयारी असेल तर नुसत्या व्यायामावर निभावणारीही मुलं असतात. हा निर्णय त्यानं स्वतः घ्यायचा आहे, एमआरआय समोर ठेवून.

पोलीस भरतीचं म्हणाल, तर मुलांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. ५० पैकी गोळाफेकीला १५ गुण. धावणं चालू ठेवायला हरकत नाही. गोळा, पुल-अप्स आणि दंड-बैठकांतले दंड मात्र डॉक्टर सांगेपर्यंत बंद. त्याच्यासाठी घातक स्थिती एकच लक्षात ठेवा : हात खांद्याच्या वर आणि मागे, दगड भिरकावायला नेतो तसा. झोपताना उजव्या दंडाखाली आणि बगलेजवळ एखादी गोधडी घडी करून ठेवावी, म्हणजे हात डोक्याखाली जाणार नाही. व्यायाम म्हणून जुन्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधून, कोपर कमरेला चिकटवून, हात आत आणि बाहेर ओढायचा. कोपर आणि कमरेच्या मध्ये टॉवेलची घडी धरली की कोपर सुटत नाही. दुखलं किंवा सटकल्यासारखं वाटलं तर तिथंच थांबायचं. आणि पंप उचलायचा झालाच, तर तो ओट्यावर किंवा बंडीवर ठेवून त्याच्याकडे पाठ करायची, आधी दुखऱ्या हाताचा पट्टा चढवायचा आणि उतरवताना तोच शेवटी काढायचा. सोळा लिटरचा भरलेला पंप जमिनीवरून एका हातानं झोक्यानं पाठीवर घेणं हे त्यानं आता पूर्ण विसरावं.

तरीही दवाखान्यात जाईपर्यंत खांदा पुन्हा उतरलाच तर काय, हे संघातल्या पोरांनाही वाचून दाखवा. खांद्याची गोलाई जाऊन तो चौकोनी दिसतो, हात अंगापासून थोडा लांब राहतो, आणि त्या हातानं दुसरा खांदा शिवता येत नाही. ओढायचं नाही. बगलेत पाय देऊन तर अजिबात नाही. बरेचदा डोक्यासोबत हाडाचा कपचाही तुटलेला असतो, आणि एक्स-रेशिवाय ओढलं तर तो कपचा सरकतो किंवा बगलेतून जाणाऱ्या रक्तवाहिनीला, नसेला इजा होते. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत उशी किंवा गमछा लावून आधार द्या, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, खायला काही देऊ नका, कारण बसवण्यासाठी भूल द्यावी लागू शकते. आणि निघा. जितका उशीर तितके स्नायू आवळत जातात आणि बसवणं अवघड होतं. वाटेत दंडाच्या बाहेरच्या बाजूला बोट लावून ‘कळतं का?’ विचारा, आणि मनगट वर उचलायला सांगा. तिथं बधिर असेल किंवा मनगट लोंबत असेल तर डॉक्टरांना पोचल्या पोचल्या सांगा.

ज्यानं खांदा बसवला त्याच्यावर माझा राग नाही. गावात दवाखाना लांब, रात्रीची वेळ, पोरगं ओरडत असतं, आणि तो माणूस हाकेला धावून येतो, पैसेही घेत नाही. पण हाडं बसवणाऱ्यांकडच्या एका गोष्टीची मला खरंच भीती वाटते, आणि ती म्हणजे कामट्यांची घट्ट पट्टी. मार लागल्यावर सूज वाढत जाते, पट्टी मात्र तेवढीच राहते. बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, किंवा कोणी बोट हळूच सरळ केलं तरी पोरगं किंचाळतं असं झालं, तर पट्टी त्या क्षणी कापून टाका, सकाळची वाट पाहू नका. रक्त अडलेला स्नायू सहा तासांच्या आसपास कायमचा मरायला लागतो आणि हाताचा पंजा आखडून जातो. बसवलेलं हाड हललं तर ते परत बसवता येतं, मेलेला स्नायू परत येत नाही. कोपराला मार लागल्यावर जोरात चोळणं हाही असाच प्रकार. चोळलेल्या स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचं अडकलेलं मी बघते.

कबड्डीचा विषय निघालाच आहे तर दोन-तीन गोष्टी संघासाठी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवली, इतका जुना आपल्या भागाचा या खेळाशी संबंध. पण बोटांच्या मारांकडे मैदानात अजून कोणी बघत नाही. पळणाऱ्या गड्याची बनियन किंवा चड्डी बोटांच्या टोकांनी धरली आणि तो निसटला, की अनामिकेच्या टोकाची कंडरा हाडावरून उपटून येते. बोट थोडं सुजतं, दुखणं चार दिवसांत ओसरतं, पण मूठ वळली की एका बोटाचं टोक सरळच राहतं. याला साधारण आठवडा-दहा दिवसांतच शिवावं लागतं, कारण उपटलेली कंडरा तळहातात मागे ओढली जाते आणि पुढे ती जागेवर आणता येत नाही. मुलं येतात दोन महिन्यांनी, मूठ करून दाखवतात आणि म्हणतात, ‘दुखत तं नाही मॅडम, पण हे वाकत नाही.’ क्रिकेटचा किंवा व्हॉलीबॉलचा चेंडू बोटाच्या टोकावर बसून टोक खाली लोंबलं, तर उलट आहे : ते सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे सलग, आंघोळीतसुद्धा, मध्ये एकदा जरी वाकलं तरी मोजणी पहिल्यापासून. आणि हात टेकून पडल्यावर अंगठा ताणून बघा, त्याच्या मुळाशी मनगटाच्या बाजूला जो खळगा पडतो तिथं दाबून दुखलं तर एक्स-रे स्वच्छ आला तरी विश्वास ठेवू नका. तिथलं छोटं हाड मोडलेलं असेल तर पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. मनगट प्लास्टरमध्ये किंवा पट्टीत ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढायचा. त्या हाडाला रक्त उलट्या बाजूनं मिळतं, म्हणून दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही.

आता तुमचा हात.

रात्री मुंग्या येऊन जाग येते आणि झटकल्यावर बरं वाटतं, एवढं तुम्ही लिहिलं. मला हवं ते पुढचं : मुंग्या कुठल्या बोटांना? जाग आली की दिवा लावून नीट बघा. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू, एवढ्यालाच मुंग्या आणि करंगळी सुटलेली, असं असेल तर तुमच्या मनगटात नस दबते आहे. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला खाली हाडं आणि वर जाड पट्टा, असा अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस जाते. दिवसभर चिमटीनं बोंडातला कापूस काढायचा, ओटी भरून न्यायची, संध्याकाळी सरपण, मग भाकरी आणि पिळायचे कपडे. कंडरांना सूज येते आणि नसेला जागा उरत नाही. झोपेत मनगट दुमडतं, दाब आणखी वाढतो, म्हणून मुंग्या रात्रीच्या. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं, त्यात चाळिशीपुढे, गरोदरपणात, मधुमेहात आणि थायरॉइड मंदावलेलं असताना आणखी.

तीन गोष्टी तपासा. दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना लावून, बोटं खाली, मनगटं पूर्ण वाकवून मिनिटभर धरा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर शंका पक्की होत जाते. मग डोळे मिटून पोराला कापसाची बारीक वात बोटांच्या टोकांना लावायला सांगा, दोन्ही हातांच्या, आळीपाळीनं. कुठं कळत नाही ते सांगा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. दोन्ही तळहात उजेडात शेजारी शेजारी ठेवा आणि अंगठ्याच्या बुडाची मांसल गादी बघा. उजवीकडची डावीपेक्षा बसलेली दिसते का?

वेचणी करणारी एक बाई माझ्यासमोर बसली होती. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले तेव्हा उजव्या अंगठ्याच्या बुडाशी गादीच्या जागी खळगा होता, आणि सुईत दोरा ओवणं सोडाच, ब्लाउजचा हूक लागत नव्हता. ती म्हणाली, ‘आता मुंग्या कमी झाल्या, म्हणून वाटलं बरं होत आहे.’ मुंग्या कमी झाल्या होत्या, कारण नस थकून गप्प होत आली होती. ऑपरेशननं दाब गेला, पुढचं नुकसान थांबलं, पण गादी पूर्ण भरली नाही.

तुमची गादी भरलेली असेल आणि मुंग्या येऊन-जाऊन असतील, तर आज रात्रीपासून मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा. मेडिकलमध्ये मिळतो; मिळेपर्यंत जाड पुठ्ठा आणि सुती पट्टी चालेल, बोटं मोकळी आणि पट्टी सैल. सहा आठवडे, रोज रात्री. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासा, थायरॉइडची तपासणी लिहून घ्या. वेचणी सोडा असं मी म्हणणार नाही, कारण ती सोडता येत नाही हे मला माहीत आहे. पण ओटी अर्धी भरली की रिकामी करा, डाव्या हातालाही चिमटीचं काम द्या, आणि चादरी, धोतरं पिळायचं काम घरातल्या पुरुषांकडे सोपवा. पोराचा डावा हात ठणठणीत आहे आणि त्याच्या बापाचे दोन्ही. सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर नसेची तपासणी करून इंजेक्शन की छोटं ऑपरेशन हे ठरतं.

पण गादी बसलेली असेल, दिवसाही बोटं बधिर राहत असतील, हातातून कप किंवा इळा निसटत असेल, तर वेचा संपायची वाट बघायची नाही. तेव्हा पोराच्या आधी तुमचा नंबर. हे ऑपरेशन तेवढ्या जागेपुरती भूल देऊन होतं, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात, हलकी कामं काही दिवसांत आणि घट्ट पकडीची कामं महिना-दीड महिन्यानं. एक हंगाम अर्धा बुडेल. हात गेला तर पुढचे सगळे बुडतील.

मुंग्या नसून अंगठ्याच्या बाजूनं मनगट दुखत असेल, विशेषतः दूध काढताना आणि पिळताना, तर ती अंगठ्याच्या कंडरांची सूज आहे. अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि विश्रांती यांनी बहुतेक वेळा जाते. बोट वाकून अडकत असेल आणि टक् आवाज करून सुटत असेल, तर तेही असंच सौम्य, पण दाखवून घ्या.

मार न लागता दुखणाऱ्या खांद्यांबद्दलही दोन शब्द, कारण घरात मोठी माणसं आहेत. खांदा कोणी दुसऱ्यानं उचलला तरी वर जात नसेल, हात मागे नेऊन पदर खोचता येत नसेल, तर तो आखडलेला खांदा. मधुमेहींत फार दिसतो, वर्ष-दोन वर्षं घेतो, पण हळूहळू सुटतो. धीर आणि व्यायाम. दुसऱ्यानं उचलला तर जातो, स्वतःहून मात्र उचलत नाही, आणि त्या कुशीवर झोपवत नाही, असं असेल तर खांद्याभोवतीची कंडरा फाटली असू शकते. पडल्यानंतर हे अचानक झालं असेल तर काही आठवड्यांच्या आत दाखवायलाच हवं, पुढे ती शिवणं अवघड होत जातं. चालताना किंवा चढ चढताना डावा खांदा दुखतो, घाम येतो, छाती भरून येते, तर तो खांद्याचा आजारच नाही. १०८ ला फोन करा. ताप आणि सुजलेला, गरम सांधा एकत्र असतील तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या विदर्भात हा आजार असलेली घरं बरीच आहेत, आणि त्यात खांद्याच्या किंवा खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरतं. तरुण पोराचा खांदा मार न लागता महिनोन् महिने दुखत असेल तर तपासणी हवीच. लहान लेकराचे पंजे आणि पावलं विनाकारण सुजली तर तीही याची पहिली खूण असू शकते. तुमच्या मुलाच्या खांद्याचं कारण वेगळं आहे हे स्पष्ट दिसतं, तरी ऑपरेशनाआधी त्याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते विचारा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असावं लागतं. आरोग्य केंद्रात ती होते. २०२३ च्या जुलैपासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे.

कापलेल्या हाताबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गावात थ्रेशर आणि कडबा कुट्टी आहेत म्हणून लिहिते. जखम वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा, हात वर करा. हळद, चहापत्ती, राख काही भरू नका. सूज यायच्या आत अंगठी आणि बांगड्या काढा. टाके घालणाऱ्याला सांगा की टाक्यांआधी एकेक बोट वाकतं का आणि त्याला स्पर्श कळतो का ते बघा. वरून शिवलेल्या कातडीखाली तुटलेली कंडरा राहून जाते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. बोट तुटून पडलंच तर ते टाकू नका. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवलं तर जोडण्याच्या लायक राहत नाही. असं थंड ठेवलेलं बोट बऱ्याच तासांनीही जोडलं जाऊ शकतं, मनगटाच्या वर तुटलेल्या हाताला मात्र सहाच तास समजा. आणि निघायच्या आधी फोन करून विचारा की तिथं जोडणारे सर्जन आहेत का, नाहीतर दोन दवाखाने फिरण्यात वेळ जातो.

कुठं जायचं? आर्वीच्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे आणि पहिली तपासणी होईल. पुढे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं रुग्णालय तुमच्या जिल्ह्यातच; नागपूरला मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानचं एम्स. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात. कुठलं ऑपरेशन बसतं, कुठलं नाही, हे योजनेतल्या रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधीच विचारा. रेशन कार्ड आणि आधार दोघांचेही घ्या, दोघांचीही चिठ्ठी एकाच दिवशी काढा. तुम्ही बरोबर गेलाच आहात तर स्वतःचा हात न दाखवता परत यायचं नाही.

तोवर गावातल्या गावात दर दोन दिवसांनी दुखण्याचं इंजेक्शन घेणं किंवा मेडिकलमधून गोळ्यांची पानं आणणं नको. या गोळ्या महिनोन् महिने पोटाला आणि मूत्रपिंडाला सोसत नाहीत, आणि त्यांनी ना कड जुळते ना नस मोकळी होते. एमआरआय झाला की मुलाच्या वाटीचं हाड किती गेलं आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलं आहे ते, आणि तुमच्या अंगठ्याची गादी डावीसारखीच आहे की बसली आहे ते, एवढं मला कळवा. पुढचं त्यावरून सांगते.